पाध्येबाईंची पेइंग गेस्ट

आमच्या घराचा वरचा मजला आमचा नव्हता. म्हणजे बांधला बाबांनीच होता, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबून साठवलेल्या फंडातून, आणि त्याची घरपट्टीही आम्हीच भरत होतो. पण पाध्येबाई तिथं राहायला आल्या त्या दिवसापासून तो मजला आमचा आहे असं म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती. बाई शिक्षिका होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांच्यातली शिक्षिका काही निवृत्त झाली नव्हती. जिन्याखाली चपला वाकड्यातिकड्या पडलेल्या दिसल्या की वरून आवाज यायचा, “खाली शाळा सुटली वाटतं?” मग मी धावत जाऊन चपला जोडीनं लावायची. आई चिडून म्हणायची, “अहो, घरमालक आपण की त्या?” बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता उत्तर द्यायचे, “कागदावर आपण.”

घर येरवड्याच्या पुढे, विश्रांतवाडीच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. लोहगावची विमानं डोक्यावरून गेली की मांडणीतली ताटं थरथरायची आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबायचा. विमान गेलं की तेच वाक्य तिथूनच पुढे सुरू व्हायचं. मला वाटायचं सगळ्या जगात लोक असेच थांबून थांबून बोलतात. घर बांधताना बाबांनी कारखान्याचा नियम लावला होता. जिथं एक खिळा पुरेल तिथं दोन, जिथं साधी कडी चालेल तिथं पितळी अडसर. कारखान्यात फाटकावरच काडेपेटी काढून घेतात, नाल ठोकलेले बूट आत नेऊ देत नाहीत. एवढी वर्षं तिथं काढलेल्या माणसाला घरातला स्टोव्हसुद्धा संशयित वाटायचा. जिन्याच्या कडेला लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या टांगलेल्या असत. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारायचा, “इथं पोलीस चौकी आहे का?”

पण हेच बाबा भाडेकरूच्या दारात मात्र पाऊल टाकत नसत. जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या अलीकडे उभे राहून हाक मारायची, काम सांगायचं आणि खाली यायचं. त्यामागचं कारण मला आईनं सांगितलं, पापड लाटता लाटता. लग्नानंतर दोघं विदर्भातून पुण्यात आले तेव्हा खोल्या मिळता मिळत नव्हत्या. आडनाव सांगितलं की रिकामी खोली अचानक भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. शेवटी एका घरमालकानं ठेवून घेतलं, पण दर रविवारी तो न विचारता आत यायचा, चुलीपाशी जायचा आणि पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा, आज काय शिजतंय म्हणून. आई पदर सावरून कोपऱ्यात उभी. बाबा एक शब्द बोलायचे नाहीत. “मेश्राम ऐकून घेणारे नव्हते,” आई सांगायची, ती बाबांबद्दल कौतुकानं बोलताना आडनावानंच बोलायची, “पण माझ्या पोटात तुझा दादा होता, दुसरी खोली नव्हती.” तेव्हाच बाबांनी ठरवलं, आपलं घर झालं तर भाडेकरूचं झाकण आपण उचलायचं नाही. दादा पुढे नोकरीनिमित्त बडोद्याला गेला, घर झालं, भाडेकरू आल्या, आणि बाबांनी आपला शब्द पाळला.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली आणि पाठीवर सॅक, हातात पत्र्याची पेटी अशी एक मुलगी उतरली. केस तेल लावून घट्ट वेणीत बांधलेले. तिनं आईला विचारलं, “काकू, पाध्ये मॅडम इथंच राह्यतात का?” त्या ‘राह्यतात’वर आईचे कान टवकारले. “कुठली गं तू?” “हिंगणघाटची.” झालं. मुलगी वर पोचायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली होती, हातात पाण्याचा तांब्या होता, आणि आई तिच्याशी अशा भाषेत बोलत होती जी मी तिच्या तोंडून फक्त मामाच्या गावी ऐकली होती. मुलीचं नाव वैशाली. वडील एसटीत ड्रायव्हर. कल्याणीनगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. आणि राहायची सोय? “मॅडमकडं. आज सकाळीच ठरलं.”

संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले, हकीकत ऐकली, हातपाय धुतले आणि जिन्यानं वर गेले. शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबले. मी खाली कान लावून.

“बाई, वर कोणी राहायला आलंय का?”

“आलंय.”

“पाहुण्या आहेत?”

“पेइंग गेस्ट आहे.”

बाबा जरा विचारात पडले. “म्हणजे पाहुणी पैसे देते?”

“देते. म्हणून तर आपलं पाणी आपण उठून घेते. फुकटच्या पाहुण्यांना हातात द्यावं लागतं.”

“नाही, माझं म्हणणं एवढंच, की मला आधी सांगायला हवं होतंत.”

“आता सांगतेय ना?” आणि मग, जरा वेळानं, बाईंचा आवाज खाली आला. “मेश्राम, शाळा सुटल्यापासून मी रोज घड्याळाशी बोलते. ते पुढे जातं, उत्तर देत नाही. ही मुलगी उत्तर देते. उलट देते, पण देते.”

बाबा खाली आले आणि जेवायला बसले.

त्यानंतर आमच्याकडे बरेच दिवस एकच विषय होता, तो म्हणजे भाडेकरूनं भाडेकरू ठेवला तर घरमालकानं काय करायचं. शेजारचे जगतापकाका कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, “आज तिनं एक ठेवली, उद्या ती आणखी एक ठेवील, परवा तुम्ही तुमच्याच घरात कोपऱ्यात.” बाबा खडकी बाजारातल्या ओळखीच्या वकिलांकडे जाऊन आले. वकील म्हणाले, “पोटभाडेकरूची जबाबदारी भाडेकरणीची. तुमचा त्या मुलीशी काही संबंध नाही. तुमच्या हातात एकच, दोघींना बाहेर काढणं. काढायचंय का?” “नाही.” “मग घरी जाऊन झोपा.” बाबांना हे पटलं नाही. ते आईला म्हणाले, “संबंध नाही कसा? उद्या स्लॅब पडला तर तो विचारून पडणार आहे का, तू भाडेकरू की पोटभाडेकरू?” शेवटी त्यांनी स्वतःचाच कायदा केला. पोलीस चौकीत मुलीचं नाव कळवून आले, आणि एका रविवारी वैशालीला बोलावून म्हणाले, “तू बाईंची पाहुणी आहेस. पण घर माझं आहे. काही लागलं, काही बिघडलं, तर खाली येऊन सांगायचं.” “हो काका,” वैशाली म्हणाली. दुसऱ्या दिवशी जिन्यात वाळूची एक बादली वाढली. माणूस वाढला की बादली वाढते, बाबांचं गणित सरळ होतं.

वैशालीच्या नोकरीचं आम्हाला भारी अप्रूप. तिला न्यायला कंपनीची सुमो यायची, हॉर्न वाजवायची, आणि सगळी गल्ली बाहेर यायची. ती सांगायची, सन दोन हजार उजाडलं की जगातले संगणक गडबडणार आहेत, त्यांना वाटणार आहे की आपण शंभर वर्षं मागे गेलो; ते होऊ नये म्हणून आमची सगळी कंपनी बसलीय. बाबांनी हे फार मनावर घेतलं. ती दिसली की विचारायचे, “किती राहिले?” ती म्हणायची, “लई राहिले काका.” आज हसू येतं, पण तेव्हा मला खरंच वाटायचं की एकतीस डिसेंबरला जग वाचलं तर ते हिंगणघाटच्या या मुलीनं वाचवलेलं असेल.

आणि जेवण! बाईंकडे जेवणासह राहायचं ठरलेलं. बाईंचा स्वयंपाक नेमका, बेताचा आणि गोडुस. आमटीत गूळ, भाजीत साखर, कोशिंबिरीतसुद्धा साखर. वैशाली खाली येऊन दबक्या आवाजात आईला सांगायची, “काकू, काल भेंडी बी गोड होती.” आईला एवढं पुरे होतं. रविवारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा व्हायचा, लाल तर्री वाटीच्या काठाला लागलेली. कधी गोळाभात, भातात शिजवलेले डाळीचे गोळे आणि वरून हिंग-लसणाचं कडकडीत तेल. वाटी झाकून मला वर पिटाळलं जायचं. पाध्येबाई दार उघडून वाटीकडे बघायच्या. “आमच्याकडे उपाशी ठेवतात अशी तक्रार गेलीय का?” “नाही बाई, आईनं सहज दिलंय.” “सहज? वास तर ठरवून केल्यासारखा येतोय.” पण वाटी घ्यायच्या. रिकामी वाटी परत यायची तेव्हा तिच्यात दोन बेसनाचे लाडू नाहीतर मूठभर मनुका असायच्या, आणि एकदा आईला तिच्यात चमचे दोन सापडले. आईनं दोन्ही धुऊन परत पाठवले. पुढच्या रविवारपासून वाटी मोठी झाली.

थंडी पडू लागली तसं वर गरम पाण्याची पंचाईत झाली. बंबात एकीपुरतं पाणी तापायचं, आणि वैशालीला सकाळी सुमो गाठायची असायची. शिवाय सर्दीनं ती कायम बेजार. तिचे वडील फोनवर बाईंना सांगायचे, “म्याडम, पोरीले थंड्या पाण्यानं आंग धुऊ देऊ नका.” बाईंनी त्या दिवसांत नवीनच निघालेला गॅसचा गीझर घेतला. दुकानाचा माणूस येऊन बाथरूममध्ये बसवून गेला. सिलिंडर वर चढताना बाबांनी पाहिला आणि ते अस्वस्थ झाले. जिन्यावर जाऊन, आपल्या नेहमीच्या पायरीवरून त्यांनी विचारलं, “बाई, न्हाणीघराची खिडकी उघडी असते ना?”

मग बाई म्हणाल्या, “मेश्राम, दोन बायकांच्या न्हाणीघराच्या खिडकीची चौकशी आपण करावी, हे आपल्याला शोभतं का?”

बाबांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. ते “तसं नाही, तसं नाही” करत खाली आले, आणि दिवसभर आईकडेसुद्धा वर बघून बोलले नाहीत.

खिडकी बंदच होती. त्यात बाईंचीही चूक म्हणता येणार नाही. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तेव्हा सात मजली इमारत उभी राहत होती. आयटीवाले येणार म्हणून त्या भागात जिथं चिंचेची झाडं होती तिथं खांब उगवत होते. तिच्या बांबूच्या परांचीवर चढलेली माणसं आमच्या वरच्या मजल्याच्या बरोबर समोर यायची. तरणीताठी मुलगी घरात. बाईंनी त्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीवर आतून जाड पुठ्ठा लावला आणि कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. थंड वाराही थांबला. बाईंनी कुठलंही काम अर्धवट केलं नव्हतं, तेही केलं नाही.

ते घडलं तोही रविवारच होता. पातोडीचा रस्सा घेऊन मी वर गेले, तर बाई बाथरूमच्या दाराशी उभ्या. आतून पाणी पडल्याचा आवाज एकसारखा येत होता. “वैशाली,” त्या म्हणत होत्या, “बाकीच्यांनी आंघोळी सोमवारी करायच्या का?” उत्तर नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंना उत्तर न देणारी वैशाली आम्ही दोघींनीही पाहिलेली नव्हती. बाईंनी दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी मारली, आणि मला त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा ऐकू आला, “मितू, बाबांना बोलाव.”

बोलवावं लागलंच नाही, थापा खालपर्यंत गेल्या होत्या. बाबा आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शेवटची पायरी ओलांडून सरळ आत शिरले. दाराला खांदा दिला. दार हलेना. त्यांनीच बसवलेला पितळी अडसर होता तो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. “बादली आण!” मी लाल बादली ओढत आणली. ती वाळूसकट उचलून त्यांनी अडसराच्या जागी घातली, एकदा, दोनदा, आणि फळी फुटली. दार उघडताच बाबा गर्रकन पाठ फिरवून उभे राहिले. आई तोवर चादर घेऊन आली होती. बाबा भिंतीकडे तोंड करून ओरडत होते, “आधी गॅस बंद करा! श्वास घेऊ नका! तिला ओढा, बाहेर ओढा, गॅलरीत न्या!” आई आणि मी वाफेत शिरलो. वैशाली बादलीशेजारी भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती, गाल लालबुंद, जणू आत्ताच खेळून आलीय. वास कसलाच नव्हता. मला अजून त्या वास नसण्याचीच भीती वाटते.

चादरीत गुंडाळून तिला गॅलरीत घेतलं. बाई तिच्या पायांशी बसून तळवे चोळत होत्या आणि हळू आवाजात म्हणत होत्या, “बोल गं, काहीही बोल, उलट बोल.” समोरच्या परांचीवरची माणसं काम थांबवून बघत होती, त्यातल्या एकानं खाली हाक देऊन रिक्षा थांबवली. थंड हवा लागली तशी वैशालीची छाती जोरात हलली, ती कण्हली आणि आईच्या अंगावर ओकली. आई म्हणाली, “ओक माय, ओक.” इतक्या प्रेमानं कोणी कोणाला ओकायला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

दवाखान्यात प्राणवायू लावला. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवा संपते आणि विषारी वायू तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. बाबा “हो” म्हणाले आणि बाकावर बसले. वाळूच्या एवढ्या बादल्या टांगणाऱ्या माणसाला न दिसणाऱ्या, वास नसलेल्या शत्रूबद्दल काही ठाऊक नव्हतं; त्यांच्या मनात भीती होती ती सिलिंडर गळण्याची. पण त्यांना टोचत होतं ते वेगळंच. संध्याकाळी ते आईला म्हणाले, “खिडकीचं माझ्या मनात आलं होतं गं. विचारलंही होतं. मग लाजलो.” आई म्हणाली, “त्या झाकणवाल्याची सावली आहे ती तुमच्यावर.” “झाकण उचलून बघणं वेगळं,” बाबा म्हणाले, “आणि चूल नीट आहे ना हे बघणं वेगळं. मी दोन्ही एकच समजून बसलो.”

वैशालीला घरी आणलं ते आमच्याकडे, खाली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रात्रभर बस, तीही दुसऱ्यानं चालवलेली; त्याचाही त्यांना त्रास झाला असावा. उंच, सावळे, गळ्यात मफलर. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिचे हात उलटसुलट करून पाहिले, मग बाहेरच्या खोलीत येऊन उभ्याउभ्याच म्हणाले, “मी तिले न्यायले आलो. नोकरी गेली खड्ड्यात.”

पाध्येबाई खाली आल्या होत्या. अंगावर इस्त्रीची साडी होती, पण केस विंचरायचे राहिले होते. “खिडकी मी बंद केली,” त्या म्हणाल्या. “जे बोलायचं ते मला बोला.”

“बाई, घर माझं आहे,” बाबा म्हणाले. “वर कोण राहतं ते मला माहीत होतं. गीझर चढताना मी पाहिला होता. बघायचं काम माझं होतं.”

“मेश्राम, माझी चूक आहे. ती तुम्ही घेऊ नका.”

“चूक तुमची असेल, जबाबदारी माझी.”

“गरम पानी मीच सांगतलं होतं ना म्याडमले,” वैशालीचे वडील मध्येच म्हणाले. “मंग माही बी हायेच की.”

तिघं मोठी माणसं अशी भांडत होती, आणि प्रत्येकाला दोष आपल्याकडेच ओढायचा होता. आतून, पांघरुणातून, वैशालीचा घोगरा आवाज आला, “अन् मले कोनी इचारनार हाये का नाई?”

सगळे थांबले. विमानही नव्हतं तेव्हा.

“मले इथंच राहाचं हाये,” ती म्हणाली. “बाबा, आजारी मी गीझरनं पडली, नोकरीनं नाई.”

तिच्या वडिलांनी माझ्या बाबांकडे वळून एकच प्रश्न विचारला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. “भाऊ, खरं सांगा. तुमची पोरगी असती, तं ठेवली असती का तिथं?”

बाबांनी आईकडे पाहिलं. मग मला हाक मारली. “मितू, तुझी गादी वर ने. खिडकीचं काम झालं की महिनाभर तू वर राहायचंस. त्याच खोलीत झोपायचं, त्याच बाथरूममध्ये आंघोळ करायची. सगळ्यांच्या आधी.”

मला हे ऐकून अभिमान वाटला असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, बाबांनी मला न विचारता माझी आंघोळ दुसऱ्यांना देऊन टाकली. पण वैशालीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मफलर सोडून ते प्रथमच खाली बसले. “चाला,” ते म्हणाले, “खिडकी तं पाहू.”

गवंड्याला बोलावलं. वैशालीच्या वडिलांनी रजा वाढवली आणि शर्ट काढून स्वतःच घमेली उचलायला लागले. जुनी खिडकी फोडून मोठी केली, तिला तिरप्या पट्ट्यांची सिमेंटची जाळी बसवली, म्हणजे हवा यावी पण समोरच्या परांचीवरून काही दिसू नये. गीझर बाथरूममधून काढून बाहेर गॅलरीत लावला आणि नळी तेवढी आत घेतली. बाबा आता दिवसातून चारदा वर जात होते. प्रत्येक वेळी आधी दार वाजवायचे, आणि प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, “या. बघा.” त्यात टोमणा नव्हता, मी शोधला, सापडला नाही. जगतापकाका कुंपणावरून म्हणाले, “अहो, पोटभाडेकरूसाठी भिंत फोडता?” बाबा म्हणाले, “भिंत माझीच आहे.”

मग माझ्या आंघोळीचा दिवस आला. एवढी सार्वजनिक आंघोळ पुण्यात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली नसावी. दाराबाहेर खुर्चीवर पाध्येबाई, शाल गुंडाळून वैशाली, चहाची बशी हातात घेतलेले तिचे वडील, कमरेला पदर खोचलेली आई, आणि दाराला जवळजवळ कान लावून उभे असलेले बाबा. नव्या दाराला आता साधी कडी होती, बाहेरून लाथ मारली तरी निघेल अशी. “आतून आवाज देत राहायचा,” बाबांनी बजावलं. “गाणं म्हण.”

“बाबा, मला गाता येत नाही!”

“तिला गायला लावू नका,” बाई म्हणाल्या. “समोरच्या इमारतीला तडे जातील. मी विचारते.” बाईंचा विषय भूगोल होता, आणि तो त्यांनी तिथं, चहाच्या वेळी, बंद दारावर सुरू केला. “गोदावरीच्या खोऱ्यातल्या नद्या सांग. उगमापासून.”

नळ सोडला. पाणी गरम, वरच्या जाळीतून थंड वाऱ्याची झुळूक पाठीवर. “दारणा,” मी ओरडले. “प्रवरा!”

“पुढे?”

“सिंदफणा! पूर्णा! मांजरा!”

“विदर्भ राहिला तुझा. आईबापांना काय वाटेल?”

“वैनगंगा!”

“आणि?”

नेमका तेव्हाच मी तांब्या डोक्यावर ओतला. साबण डोळ्यांत, नाकातोंडात पाणी. मला काही ऐकू येईना की बोलता येईना. बाहेर एकदम गलका झाला. दारावर बाबांचे दोन्ही हात पडले. “मितू! मितू!”

“डोक्यावर पाणी घेत होते!”

“पाणी नंतर!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की त्यांचा आवाज फाटला. “आधी नदी!”

“वर्धा!” मी होती नव्हती तेवढी हवा छातीत भरून किंचाळले. “वर्धा, वर्धा, वर्धा!”

मग वैशाली हसायला लागली, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच, खोकत खोकत, थांबेचना. मी कपडे घालून ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा पाध्येबाई चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, आणि वैशालीच्या वडिलांनी बशीतला गार झालेला चहा एका घोटात संपवला होता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जसं मुलीच्या हातांकडे पाहिलं होतं तसं.

“राहू द्या तिले इथंच,” ते म्हणाले.

इतका वेळ ताठ उभे असलेले बाबा तेव्हा कुठे भिंतीला पाठ लावून खाली बसले, ओल्या फरशीवर, पाध्येबाईंच्या घरात.